मधपेटी मिळाली, पण फुलोऱ्याचे काय? ग्रामीण मधपाळाला खरा आधार कशाने मिळतो

सातारा जिल्ह्याच्या महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव मे २०२२ मध्ये देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. त्यानंतर कोल्हापूर जिल्ह्याच्या भुदरगड तालुक्यातील पाटगावाला हा मान मिळाला आणि आता मेळघाटातील आमझरी, पालघरमधील घोलवड अशी गावेही या योजनेत आली आहेत. अशा बातम्या वाचताना बहुतेकांच्या मनात काही साधे प्रश्न येतात. मधमाश्या पाळून खरोखर घर चालते का? त्यासाठी सरकारने अनुदान का द्यावे? आणि मध काढण्याचा आणि पर्यावरण राखण्याचा संबंध नेमका कुठे जुळतो?

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. या सगळ्या व्यवहारात मधपेटी देणे हा सर्वांत सोपा भाग आहे. मधपाळ, म्हणजे मधमाश्या पाळणारा माणूस, टिकतो तो भोवतालचा फुलोरा, विषारी फवारणीपासून सुरक्षित शिवार, अडचणीच्या वेळी धावून येणारा जाणकार आणि योग्य भावाने मध घेणारा खरेदीदार यांच्या बळावर. नुसती पेटी देणे म्हणजे गोठा बांधून देऊन चाऱ्याचा विचारच न करणे होय.

कोणत्या माश्या पाळता येतात?

आपल्याकडे मधमाश्यांच्या मुख्यतः पाच जाती दिसतात. कड्यांवर, उंच झाडांवर आणि शहरांतल्या इमारतींच्या सज्जांखाली मोठे, एकच पोळे लोंबकळत ठेवणारी ती आग्या. झुडपाच्या फांदीवर तळहाताएवढे पोळे बांधणारी ती फुलोरी. या दोन्ही माश्या उघड्यावर आणि एकाच पोळ्यात राहतात, त्यामुळे त्यांना पेटीत ठेवता येत नाही. झाडाच्या ढोलीत किंवा दगडाच्या कपारीत, अंधारात, एकमेकींना समांतर अशी अनेक पोळी बांधणारी सातेरी मात्र पेटीत राहते, कारण पेटी ही तिच्या दृष्टीने एक ढोलीच असते. सह्याद्रीतल्या मधपाळांची माशी ती हीच. चौथी मेलिफेरा ही मूळची युरोपातली. १९६० च्या दशकात ती हिमाचलच्या परिसरात यशस्वीपणे रुजवली गेली आणि पुढे देशभर पसरली. पाचवी ट्रायगोना ही इवलीशी, नांगी न मारणारी माशी आहे. तिचा मध थोडाच मिळतो, पण परागीभवनासाठी ती उपयोगी पडते.

मेलिफेरा सातेरीपेक्षा कितीतरी जास्त मध देते, मग सगळ्यांना तीच का देऊ नये, असा प्रश्न हमखास विचारला जातो. मेलिफेराला मोठा आणि अखंड फुलोरा लागतो, म्हणून तिचा मधपाळ पेट्या ट्रकमध्ये भरून एका पिकाच्या बहरातून दुसऱ्या पिकाच्या बहरात फिरत राहतो. भांडवल, वाहतूक आणि घरापासून महिनोन्‌महिने दूर राहण्याची तयारी असेल, तरच हे जमते. डोंगरातल्या दोन एकरांच्या शेतकऱ्याला किंवा घर सांभाळून हे काम करणाऱ्या बाईला परसात ठेवता येईल अशी, तिथल्याच पावसाला आणि फुलांना सरावलेली सातेरीच सोयीची असते.

अर्थात सातेरीही अजिंक्य नाही. १९९१-९२ च्या सुमारास दक्षिण भारतात ‘थाई सॅकब्रूड’ या विषाणूची साथ आली आणि केरळसारख्या राज्यांत सातेरीच्या बहुसंख्य वसाहती नष्ट झाल्या. हजारो कुटुंबांचे उत्पन्न दोन-तीन हंगामांत बुडाले. एका रोगाने एवढी वाताहत होऊ शकते, म्हणून या व्यवसायाला रोगनिदान करणारी, जवळ असलेली आणि फोन केल्यावर उत्तर देणारी यंत्रणा लागते.

पेटीच्या आत काय चालते?

एक राणी, काही हजार कामकरी माश्या आणि हंगामात थोडे नर मिळून जे कुटुंब होते, त्याला वसाहत म्हणतात. कामकरी माशी फुलातून दोन गोष्टी आणते: गोड रस म्हणजे मकरंद आणि प्रथिनांनी भरलेली पूड म्हणजे पराग. मकरंदाचा मध होतो, तर पराग मुख्यतः पिल्लांच्या खाद्यात जातो. हे गोळा करताना एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलाला लागतात आणि फळ किंवा बी धरते. या क्रियेला परागीभवन म्हणतात.

आजच्या मधपेटीचे मूळ एका बारीक निरीक्षणात आहे. १८५१ मध्ये अमेरिकेतील पाद्री लँगस्ट्रॉथ यांच्या लक्षात आले, की दोन पोळ्यांमध्ये किंवा पोळे आणि भिंत यांच्यामध्ये साधारण एक सेंटिमीटरपेक्षा थोडी कमी जागा सोडली, तर माश्या ती मेणाने बुजवत नाहीत, ये-जा करण्यासाठी मोकळी ठेवतात. या मोकळ्या वाटेमुळे पोळे लाकडी चौकटीत बांधून घेता येऊ लागले आणि ती चौकट काहीही न मोडता बाहेर काढता येऊ लागली. पोळे पिळून, पिल्लांसकट, मध काढण्याची पद्धत त्यामुळे अनावश्यक ठरली.

मार्च-एप्रिलमध्ये, जांभूळ फुललेले असताना, सातेरीची पेटी उघडून पाहिली तर हे सगळे डोळ्यांनी दिसते. पेटी लोखंडी स्टँडवर असते आणि स्टँडच्या चारही पायांखाली पाण्याने भरलेल्या वाट्या असतात, कारण मुंग्या चढल्या तर वसाहत तग धरत नाही. झाकण सरकवून थोडासा धूर दिला की माश्या खाली दबतात. खालच्या कक्षातील चौकटीच्या मध्यभागी अंडी, पांढऱ्या अळ्या आणि तपकिरी झाकणांखालचे कोष असतात, त्यांच्या भोवती परागाने भरलेली पिवळी-नारिंगी घरे, म्हणजे पोळ्यातले छोटे कप्पे, असतात आणि त्यांच्याही वर मधाची पट्टी. वरच्या कक्षातील चौकटींत फक्त मध असतो. त्यातही जी घरे माश्यांनी पांढऱ्या मेणाने बंद केली आहेत, तोच मध पिकलेला असतो. उघड्या घरांतला मध अजून पातळ असतो आणि तो काढला तर काही दिवसांत आंबतो. भारतीय मानकांनुसार मधात २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी चालत नाही. जाणकार मधपाळ बंद घरांच्या चौकटी निवडतो, सुरीने मेणाचा पापुद्रा काढतो, चौकट मधयंत्रात, म्हणजे गरगर फिरवून मध बाहेर काढणाऱ्या यंत्रात, फिरवतो आणि रिकामे पोळे पुन्हा पेटीत ठेवतो. पोळे नव्याने बांधण्याचे माश्यांचे श्रम वाचतात आणि ते मकरंद आणण्यात खर्च होतात.

हिशेब कसा बसतो?

सातेरीच्या एका पेटीतून, फुलोरा चांगला असेल तर, वर्षाला साधारण ५ ते ८ किलो मध निघतो. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाने अलीकडच्या वर्षांत मधाला किलोला ५०० रुपये असा हमीभाव दिला आहे. दहा पेट्यांच्या मधपाळाला या हिशेबाने वर्षाकाठी २५ ते ४० हजार रुपये मिळू शकतात, आणि त्यातून साखर, नव्या वसाहती, पेटीची दुरुस्ती यांचा खर्च वजा होतो. म्हणजे हा बहुतेकांसाठी पूरक व्यवसाय आहे, आणि तसे स्पष्ट सांगूनच लोकांना त्यात आणले पाहिजे. ‘लाखोंची कमाई’ असे मथळे वाचून कर्ज काढणाऱ्यांची निराशा होते आणि एक चांगला व्यवसाय हकनाक बदनाम होतो.

तरीही या २५-४० हजारांचे मोल मोठे आहे. त्यासाठी जमीन अडकत नाही, भूमिहीन कुटुंबालाही ते मिळवता येतात आणि भातशेती संपल्यावरच्या रिकाम्या महिन्यांत ते हातात येतात. मांघरमध्ये सुमारे ८० टक्के कुटुंबे या कामात आहेत, याचे कारण हेच आहे. मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वरलाच असल्याने तिथल्या लोकांना प्रशिक्षण आणि खरेदी दोन्ही दाराशी मिळाले. मंडळाच्या मधकेंद्र योजनेत पेट्या आणि साहित्याचा निम्मा खर्च अनुदानातून मिळतो, उरलेला निम्मा मधपाळाने घालायचा असतो. ही निम्म्याची अट मला योग्य वाटते. ज्यात स्वतःचे पैसे आहेत ती पेटी माणूस उघडून पाहतो.

मग पेट्या रिकाम्या का पडतात?

योजनेतून मिळालेल्या पेट्या वर्षभरात रिकाम्या होऊन माळ्यावर पडल्या, असे चित्र अनेक गावांत दिसते. सातेरीचा स्वभावच असा आहे, की खाद्य संपले, किड्यांनी पोळे पोखरले किंवा वारंवार त्रास झाला, तर ती संपूर्ण वसाहत पेटी सोडून निघून जाते. सह्याद्रीत जून ते सप्टेंबर हा तिचा सर्वांत कठीण काळ असतो. पाऊस थांबत नाही, फुले मोजकी असतात आणि माश्यांना बाहेर पडता येत नाही. या काळात साखरेचा पाक देणे, वसाहत दुबळी झाली असेल तर जास्तीची पोळी काढून घेणे, पेटीत ओल येऊ न देणे ही कामे नेमाने करावी लागतात. दहा दिवसांचे प्रशिक्षण कोरड्या ऋतूत, सभागृहात झाले आणि नंतर पावसाळ्यात कोणीच फिरकले नाही, तर नवखा मधपाळ ऑगस्टमध्ये एकटा पडतो.

याहून दुर्लक्षित गोष्ट फुलोऱ्याची आहे. सातेरी साधारण एक-दीड किलोमीटरच्या परिघात चरते. त्या परिघात वर्षातल्या प्रत्येक महिन्यात काही ना काही फुललेले हवे. महाबळेश्वरच्या परिसरात जांभूळ, हिरडा, गेळा अशी झाडे आहेत आणि सात-आठ वर्षांतून एकदा कारवीचा बहर येतो, म्हणून तिथे मध आहे. जिथे डोंगर बोडके झाले आहेत आणि खाली मैलोन्‌मैल फक्त ऊस आहे, तिथे पन्नास पेट्या ठेवल्या तरी माश्या उपाशीच राहणार. पेट्या वाटण्याआधी गावाच्या फुलांचे बारमाही वेळापत्रक लिहून काढावे, ही मागणी म्हणूनच अगदी मूलभूत आहे. कोणत्या महिन्यात काय फुलते हे गावातल्या वयस्कर माणसांना तोंडपाठ असते.

शेतकऱ्याला काय मिळते?

मधमाश्या नसतील तर अन्नच पिकणार नाही, असे विधान समाजमाध्यमांवर फिरत असते. ते अतिशयोक्त आहे. गहू, भात, ज्वारी यांना मधमाशीची गरज नसते आणि द्राक्षालाही ती जवळपास लागत नाही. जगातील प्रमुख अन्नपिकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पिकांना कीटक-पक्ष्यांच्या परागीभवनाचा कमीअधिक फायदा होतो, पण एकूण उत्पादनात अशा पिकांचा वाटा सुमारे ३५ टक्के आहे, असे २००७ च्या एका गाजलेल्या अभ्यासातून पुढे आले. खरी गोष्टही पुरेशी गंभीर आहे, ती फुगवून सांगण्याची गरज नाही.

कांद्याचे बीजोत्पादन घ्या. कांद्याच्या एकाच फुलातले पराग आधी झडतात आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो, त्यामुळे त्या फुलाला दुसऱ्या फुलावरून आलेल्या परागांची वाट पाहावी लागते, आणि हे काम मुख्यतः मधमाश्या करतात. कलिंगड, काकडी, दोडका यांच्या वेलींवर नर आणि मादी फुले वेगवेगळी असतात. कलिंगडाचे मादी फूल एकाच दिवसापुरते उमलते आणि त्या दिवशी त्यावर पुरेशा माश्या बसल्या नाहीत, तर फळ धरत नाही किंवा वेडेवाकडे धरते. डाळिंब, सूर्यफूल, आंबा यांनाही माश्यांचा उपयोग होतो. त्यामुळे बहराच्या काळात पेट्या भाड्याने घेणारे शेतकरी राज्यात आता दिसू लागले आहेत. मधपाळाच्या दृष्टीने हे भाडे म्हणजे मधावर अवलंबून नसलेले दुसरे उत्पन्न आहे.

पण या व्यवहारातच सर्वांत मोठा धोकाही आहे. कांद्याच्या गोंड्यांवर फुलकिडे आले म्हणून ऐन फुलोऱ्यात सकाळी फवारणी झाली, तर शेतात चरणाऱ्या माश्या तिथेच मरतात आणि ज्या पेटीपर्यंत पोहोचतात त्या विष सोबत घेऊन जातात. पेटीच्या तोंडाशी मेलेल्या माश्यांचा खच पडतो. मधपाळाची वसाहत जाते आणि शेतकऱ्याचे बी कमी भरते. नुकसान दोघांचेही होते. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, क्लोथियानिडिन या तीन कीटकनाशकांचा उघड्या शेतातला वापर युरोपीय संघाने २०१८ मध्ये मधमाश्यांच्या रक्षणासाठी बंद केला. यांतले इमिडाक्लोप्रिड आपल्याकडे सर्रास वापरले जाते. आपल्याकडे लगेच बंदी येईल असे नाही, पण फुलोऱ्यात फवारणी टाळणे, टाळता येत नसेल तर सूर्यास्तानंतर माश्या घरी परतल्यावर करणे आणि आदल्या दिवशी मधपाळाला कळवणे, या तीन गोष्टींना पैसाही लागत नाही. पेट्या भाड्याने देताना या अटी कागदावर लिहून दोघांच्या सह्या घेण्याची पद्धत पडली पाहिजे.

जंगलाचे काय?

पेटीतल्या मधाइतकाच महत्त्वाचा मध आजही आग्याच्या पोळ्यातून येतो, आणि तो काढणारे बहुतेक जण आदिवासी आहेत. जुन्या पद्धतीत रात्री मशालीने माश्या जाळून संपूर्ण पोळे उतरवले जाते. आग्याच्या पोळ्यात मध वरच्या एका कोपऱ्यातल्या जाड भागात असतो आणि पिल्ले खाली पसरलेली असतात. त्यामुळे संरक्षक पोशाख घालून, धूर देऊन, फक्त मधाचा भाग कापून घेतला तर माश्या तिथेच राहतात, पोळे पुन्हा भरतात आणि काही आठवड्यांनी त्याच पोळ्यातून पुन्हा मध मिळू शकतो. मधही पिल्लांच्या रसाशिवाय, स्वच्छ मिळतो. विदर्भात या ‘अहिंसक’ पद्धतीचे प्रशिक्षण बऱ्याच वर्षांपासून दिले जात आहे आणि माझ्या मते पेटीवाटपापेक्षा त्याला जास्त निधी मिळायला हवा.

कायदाही संग्राहकाच्या बाजूने आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने मध आणि मेण यांना गौण वनोपज ठरवले आणि ते गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क वनहक्कधारकांना दिला. भाव मात्र मागे आहे. केंद्राच्या योजनेत रानातल्या मधाची किमान आधारभूत किंमत २०२० मध्ये किलोला २२५ रुपये ठरली. जिवावर उदार होऊन कड्यावर चढणाऱ्याच्या श्रमाची ही किंमत फारच कमी आहे.

मधपाळ आणि संग्राहक यांना मधातून पैसा मिळू लागला, की झाडाकडे पाहण्याची गावाची दृष्टी बदलते. जांभूळ आणि हिरडा ही जळणाची झाडे न राहता उत्पन्नाची झाडे होतात. फेब्रुवारीपासून डोंगरांना लागणारे वणवे नेमके बहराच्या तोंडावर येतात, म्हणून वणवा विझवायला धावणाऱ्यांत मधपाळाचा स्वार्थ असतो. पर्यावरण रक्षणासाठी असा रोजच्या मिळकतीशी बांधलेला स्वार्थ अत्यंत टिकाऊ ठरतो.

नेहमीचे आक्षेप

पावसाळ्यात साखर पाजलेल्या माश्यांचा मध शुद्ध कसा, असे ग्राहक विचारतात. टंचाईत दिलेला पाक माश्या जगण्यासाठी खाऊन टाकतात आणि त्या वेळी मधाचा वरचा कक्ष पेटीवर ठेवायचाच नसतो. बहर सुरू होण्याआधी पाक थांबवायलाच हवा. बहरातही जो पाक देत राहतो तो भेसळच करतो, आणि त्याला तसेच म्हटले पाहिजे.

बाजारात स्वस्त मध मिळत असताना गावचा महाग मध का घ्यावा, या प्रश्नाचे उत्तर डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ या संस्थेने दिले. तिने १३ ब्रँडचा मध तपासून घेतला, तेव्हा केवळ ३ ब्रँड सर्व चाचण्यांत उतरले. नेहमीच्या चाचण्यांना चकवा देतील असे साखरेचे पाक मधात मिसळले जात होते. असा पाक मधाच्या नावाने विकला गेला, की खऱ्या मधाचा भाव पडतो आणि पहिला बळी छोट्या मधपाळाचा जातो. मध थंडीत गोठला, त्यात कणी धरली, म्हणजे तो साखरेचा, हा समजही चुकीचा आहे. बहुतेक खरे मध कालांतराने रवाळ होतात.

पाळीव माश्या रानातल्या माश्यांचे खाद्य पळवतात, हा आक्षेप अभ्यासकांचा आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. सातेरी इथलीच असल्याने तिच्या मोजक्या पेट्यांनी फार बिघडत नाही. परंतु मेलिफेराच्या शेकडो पेट्या एका जंगलाच्या कडेला आणून ठेवल्या तर फुलांवर ताण येतो आणि रोगांची देवाणघेवाणही होते. व्हरोआ हा माशीच्या अंगावर जगणारा बारीक परजीवी कोळीकीटक (माइट) मूळचा सातेरीच्या जातीवरचा. सातेरी त्याला अंगावरून झटकून काढते. तो मेलिफेरावर गेला आणि जगभरातल्या तिच्या वसाहतींचा मोठा शत्रू बनला. संरक्षित जंगलालगत फक्त सातेरी, आणि तीही रानातून पकडून आणण्याऐवजी पाळलेल्या सशक्त वसाहतींचे विभाजन करून वाढवलेली, असा नियम करणे शहाणपणाचे ठरेल.

पैसा कुठे घालावा?

केंद्राने २०२० मध्ये राष्ट्रीय मधमाशीपालन व मध मोहिमेसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. म्हणजे निधी आणि ज्ञान दोन्ही उपलब्ध आहेत, प्रश्न क्रमाचा आहे. आधी गावाचा फुलोरा तपासून कमी पडणाऱ्या महिन्यांसाठी झाडे लावावीत. मग मोजक्या, खरोखर उत्सुक माणसांना दोन-तीन पेट्या देऊन एक पूर्ण वर्ष, विशेषतः एक पावसाळा, त्यांच्यासोबत राहावे. ज्यांच्या वसाहती टिकल्या त्यांनाच पुढच्या पेट्या द्याव्यात आणि त्यांच्याच वसाहतींचे विभाजन करून शेजाऱ्यांना पुरवावे, म्हणजे वसाहती विकण्याचे उत्पन्नही गावातच राहते. सहा-सात गावे मिळून एक मधयंत्र, पाण्याचे प्रमाण मोजणारे एक साधे उपकरण आणि बाटल्या भरण्याची एक स्वच्छ खोली पुरते. योजनेचा अहवाल लिहिताना मात्र वाटलेल्या पेट्यांच्या आकड्याबरोबर दुसऱ्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये माश्यांनी भरलेल्या पेट्या किती, हा आकडाही छापावा.